वाट कापण्यापलीकडे
पेशीच्या पृष्ठभागावरची एन्झाइम्स भोवतालचं कोलॅजन (पेशींभोवतीच्या जाळीतलं चिवट प्रथिन) कापून कर्करोगाला पसरायला वाट करून देतात, असं म्हटलं जातं आणि ते बरोबर आहे. त्यांतलं एमटी१-एमएमपी हे एन्झाइम नेमकं तेच करतं, शिवाय एमएमपी कुटुंबातल्याच एमएमपी-२ या दुसऱ्या एन्झाइमलाही जागं करतं. पण गोष्ट तिथे थांबत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एडॅम-१०. हे एन्झाइम स्तनाच्या कर्करोगातल्या हर-२ या रिसेप्टरचा (पेशीला वाढीचे संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाचा) पेशीबाहेरचा भाग छाटतं. ट्रॅस्टुझुमॅब (१९९८ पासून वापरात असलेलं औषध) चिकटतं ते याच भागाला. तो गेला की औषधाला पकडायला जागाच उरत नाही, आणि मागे राहिलेला पी९५ तुकडा मात्र पेशीला ‘वाढ, वाढ’ असा संदेश देतच राहतो. उपचार का थकतात, याचं हे एक कारण. एकमेव नव्हे, हे आवर्जून सांगतो.

सीडी७३ या पृष्ठभागावरच्याच आणखी एका एन्झाइमचं काम तर वेगळंच. ते एएमपी या रेणूपासून अ‍ॅडेनोसिन हा दुसरा रेणू बनवतं आणि त्यामुळे कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मंदावतात.

मग सगळीच एन्झाइम्स बंद का करू नयेत? मॅरिमास्टॅट या औषधाने एमएमपी सरसकट रोखून पाहिले. स्तनाच्या कर्करोगात फायदा दिसला नाही, रुग्णांच्या वाट्याला सांधेदुखी मात्र आली.