होमोजीनियस : एकसारखा, एकजिनसी, एकजीव की समांगी?

प्रश्न : 'होमोजीनियस' या इंग्रजी विशेषणाला मराठीत 'एकसारखा' चालेल का?

– चालणार नाही. एकसारख्या असतात दोन वाट्या, दोन जुळी भावंडं. म्हणजे तुलनेला निदान दोघं हवीत. शिवाय 'एकसारखा पाऊस लागलाय' यात तोच शब्द 'न थांबता' असा अर्थ देतो. होमोजीनियस एकाच वस्तूच्या पोटातलं सांगतो : कुठूनही चिमूटभर उचला, तेच हाती आलं पाहिजे. त्याला आपल्याकडे 'एकजिनसी' आहे, आणि तो नुसता पर्याय नाही, नात्यातला आहे. ग्रीक 'होमोस' म्हणजे तोच, 'गेनोस' म्हणजे कूळ किंवा जात. हाच गेनोस अरबीत 'जिन्स' झाला आणि फारसीवाटे आपल्याकडे 'जिन्नस' म्हणून आला. 'होमोस'चं संस्कृत भावंड म्हणजे 'सम'. इतका जवळचा शब्द घरात असताना दुसरा कशाला शोधायचा?

– एकजिनसी सुंदरच आहे, पण रसायनशास्त्रात 'समांगी' लिहा. मराठी पाठ्यपुस्तकांत समांगी आणि विषमांगी मिश्रण हीच जोडी रुळली आहे. मीठ पूर्ण विरघळलेलं पाणी समांगी : वरचा चमचा आणि तळचा चमचा सारखाच खारट, कितीही वेळ ठेवा. हळद कालवलेलं पाणी विषमांगी, थोड्या वेळात तळाशी गाळ बसतो.

घोटाळा होतो तो पिशवीवरच्या 'होमोजिनाइज्ड' दुधाचा. गाईच्या दुधातले स्निग्धाचे गोळे सरासरी ३-४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. दूध साधारण ६०-७० अंश सेल्सिअसला तापवून, १५०-२०० बार दाबाने अगदी अरुंद फटीतून काढलं की हे गोळे फुटून १ मायक्रॉनच्या आसपास येतात. मग ते वर तरंगून थर धरत नाहीत. डोळ्यांना दूध एकजिनसी दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली गोळे आणि पाणी वेगळे दिसतातच. म्हणून शास्त्राच्या लेखी दूध हे कलिल (बारीक कण न विरघळता पसरून राहिलेलं मिश्रण, इंग्रजीत कोलॉइड), म्हणजे विषमांगी. पिशवीवरच्या शब्दाचं भाषांतर 'समांगी दूध' केलंत तर चूक, 'एकजिनसी दूध' बरोबर.

– पाककृतीत मात्र दोन्ही नकोत, तिथे 'एकजीव'. एकजिनसी हा गुण आहे, एकजीव ही केलेल्या कामाची खूण. श्रीखंडाचा चक्का आणि साखर कालवून लगेच पुरणयंत्रातून काढली तर साखरेची कणी जिभेला लागते. तासभर झाकून ठेवा, साखर विरघळू द्या, मग फिरवा. पळी उलटी केल्यावर श्रीखंड सलग, गुळगुळीत पडलं की 'एकजीव झालं' म्हणायचं. 'चक्का समांगी करून घ्या' असं कुणी लिहिलं तर वाचणारीचा हात थांबेल.

– गणितात अर्थच बदलतो, तिथे 'समघाती'. बहुपदीतल्या प्रत्येक पदाचा एकूण घात समान हवा. घात २ असेल तर सगळ्या चलांची किंमत दुप्पट केल्यावर राशी बरोबर चौपट होते. एखादं पद १ घाताचं घुसलं की हा हिशेब मोडतो.

– स्पेलिंगचंही पाहा. शेवटी 'ई-ओ-यू-एस' असलेला तो होमोजीनियस. 'ई' गाळलेला 'होमॉजिनस' हा जीवशास्त्रातला जुना, 'समान पूर्वजापासून आलेला' या अर्थाचा शब्द. आता तोही पहिल्याच्या अर्थाने सर्रास लिहिला जातो, पण शास्त्रीय लेखनात 'ई' गाळू नये.