गाणे बदलताना डॅकमधून येणारी ‘टक’ आणि हरवणारा पहिला सूर

प्रश्न : यूएसबीने जोडलेल्या माझ्या डॅकवर (डिजिटल आवाजाचे अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणावर) ४४.१ किलोहर्ट्झची फाइल संपून ९६ किलोहर्ट्झची सुरू झाली, की आतून ‘टक’ असा आवाज येतो आणि नव्या गाण्याचा पहिला सूर ऐकूच येत नाही. हा बिघाड समजावा का?

उत्तर १ : बिघाड नव्हे. ४४.१ आणि ४८ ही सॅम्पल-दरांची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, याची) दोन वेगळी घराणी असून ९६ हे ४८ ची दुप्पट, म्हणून त्याच घराण्यातले आहे. बऱ्याच डॅकमध्ये त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र क्रिस्टल (क्लॉकचे, म्हणजे वेळेचे ठोके देणारे घटक) असतात, एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा आणि दुसरा २४.५७६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे अनुक्रमे ४४.१ व ४८ किलोहर्ट्झच्या बरोबर ५१२ पट. दर बदलला की चालू प्रवाह थांबतो, क्लॉक बदलते आणि ते स्थिर होईपर्यंत आउटपुट बंद ठेवले जाते, कारण तसे केले नाही, तर स्पीकरमधून खरखर किंवा चांगलाच धक्का ऐकू येऊ शकतो. ‘टक’ बहुधा आउटपुट बंद-चालू करणाऱ्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) असावी.

प्रश्नकर्ता : मग मित्राकडे याच डॅकवर हे का होत नाही?

उत्तर २ : त्यांच्याकडे बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमचा मिक्सर सगळ्या फाइल्स एकाच ठरावीक दरावर आणत असेल, विंडोजच्या शेअर्ड मोडमध्ये असेच होते. डॅकवर दर दिसत असेल, तर तो गाण्यागणिक बदलतो का, तेवढे पाहा. रीसॅम्पलिंग (फाइलचा दर असा बदलणे) नीट केलेले असेल, तर मला तरी फरक ऐकू येत नाही.

उत्तर १ : सूर वाचवायचाच असेल, तर दर बदलल्यावर क्षणभर शांतता घालण्याची सोय काही प्लेअरमध्ये असते, ती चालू करा. ‘टक’ मात्र राहील.