बायोमेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना संशोधनाचं मानधन द्यावं का?

पाचल_ते_परळ
भाची मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत दोन महिने लॅबमध्ये काम करशील का, असं तिथल्या सरांनी विचारलं. पोरगी हरखली. मग कळलं, मानधन शून्य, शेवटी प्रमाणपत्र. हॉस्टेल सुट्टीत बंद, म्हणजे खोलीभाडं, खानावळ, लोकलचा पास सगळं घरून. ज्यांची घरं दादर-मुलुंडला ते लगेच 'हो' म्हणाले. ही राजापूरला आंब्याच्या पेट्या भरायला परत.

माझं म्हणणं, पहिल्या वर्षापासून मानधन हवं आणि शिकवणारा माणूस नेमून दिलेला हवा. केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 रुपये मिळतात, त्यातले 20,000 मार्गदर्शकाच्या हाताखाली करायच्या उन्हाळी प्रकल्पाचे. पण ती मूलभूत विज्ञानवाल्यांना. भाचीची बाकावरची मैत्रीण बीएस्सी फिजिक्सला गेली तर अर्ज करू शकते, ही नाही. अमेरिकेत एनएसएफ, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसा देणारी तिथली सरकारी संस्था, 1987 पासून पदवीच्या मुलांना पैसे देऊन संशोधन करवते, तेही तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच. आमच्या पोरीने जायचं कुठे?

खवट_गुहागरकर
कुठे म्हणजे? वर्गात. पहिल्या वर्षाला येतं काय? मॅथ्स-वन सुटलं तर नशीब. त्याच्यामागे पीएचडीचा एक विद्यार्थी अडकतो, सर्किट जळतं, पुन्हा नवं आणायचं. सर आपला वेळ देतात तीच फी समजा. देशात पीएचडीवाल्यांची फेलोशिप महिनोन्‌महिने रखडते, आधी ती वेळेवर द्या.

माड_पोफळी
खवटराव, हर्णै बंदरात लाँचवर नवा खलाशी घेतात तेव्हा त्याला जाळं शिवता येतं का बघून पगार ठरवतात होय? पहिल्या फेरीत तो नुसता उलट्या काढतो, तरी पैसे मिळतात. आणि ही काही परदेशी कल्पना नाही. कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' इथेच रुजवलं. फरक एवढाच की आजही त्या योजनेत पोरांना बहुतेक बागकाम आणि लायब्ररीची झाडलोट मिळते. तेच तास लॅबमध्ये द्या की.

खवट_गुहागरकर
लाँचवर मासे येतात हो. लॅबमध्ये पहिल्या वर्षी नुसतं डिझेल जळतं. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेचा हृदयाचा कृत्रिम व्हॉल्व्ह घ्या. तीन मॉडेलं फसली, चौथं डिसेंबर 1990 मध्ये रुग्णाला बसलं. दोन महिन्यांत भाची काय दिवे लावणार?

ईसीजी_वाली
मी याच क्षेत्रात आहे, म्हणून बोलते. व्हॉल्व्हचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. हृदय वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास ठोके देतं. तेवढी उघडझाप यंत्रावर करून झीज मोजायची तर नोंदी ठेवणारे हात लागतात, आणि ते काम दुसऱ्याच महिन्यात जमतं.

नवखी मुलगी काय शिकते ते सांगते. ईसीजी लावला की रेषेला बारीक दातेरी झालर येते. ती म्हणते हृदयात बिघाड. मी सांगते, लॅपटॉपचा चार्जर काढ. झालर गेली! ती विजेची 50 हर्ट्झची गुणगुण होती. मग इलेक्ट्रोडची जेल सुकली तर काय होतं, पेशंट थरथरला तर काय होतं, हे ती स्वतः शोधायला लागते. पण शेजारी कोणी नसेल तर ती आठवडाभर त्या झालरीचाच अभ्यास करत बसते. म्हणून मला पैशाइतकाच मार्गदर्शकाचा आग्रह आहे. नुसतं मानधन देऊन पोराला एक्सेल भरायला बसवणारे महाभागही आहेत.

बाणकोट_खाडी
एक शंका. पेशंटवर किंवा धडधाकट माणसावर संशोधन म्हटलं की एथिक्स कमिटीची परवानगी आली. ती येईपर्यंत सुट्टी संपते. मग मानधन कशाचं, वाट बघायचं?

ईसीजी_वाली
पहिल्या वर्षाला माणसाजवळ जायची गरजच नसते. एमआयटी-बीआयएच, म्हणजे अमेरिकेतलं एक विद्यापीठ आणि एक इस्पितळ, यांचा संग्रह फुकट उपलब्ध आहे, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 48 ईसीजी नोंदी, डॉक्टरांनी ठोक्यागणिक खुणा केलेल्या. त्यावर मुलं प्रोग्रॅम लिहितात आणि आपलं उत्तर डॉक्टरांच्या खुणांशी ताडून बघतात.

खवट_गुहागरकर
सापडलात! फुकट आहे, लॅपटॉपवर होतं, मग राजापुरात बसून करा. मुंबईच्या खोलीभाड्याचं रडगाणं संपलं. मानधन कशाला?

पाचल_ते_परळ
तुम्ही मे महिन्यात कोकणातल्या घरात लॅपटॉप घेऊन बसून दाखवाच. "मोकळीच आहेस ना, जरा पेंढा आण." "होमस्टेची माणसं आलीत, चहा टाक." संध्याकाळी वीज जाते ती वेगळीच. महिन्याला पाच हजार जरी तिच्या खात्यात आले ना, तर माझी वहिनीच सगळ्यांना दटावेल, तिचं काम चाललंय, हाक मारू नका.

माड_पोफळी
+1. आमच्याकडे शिकणाऱ्या पोराला कामाला लावतात, कमावणाऱ्याला जेवायला वाढतात.

खवट_गुहागरकर
हे मात्र खरं आहे. तरी पहिलं सत्र बिनपगारी ठेवा. जो टिकेल त्याला दुसऱ्या सत्रापासून द्या.

पाचल_ते_परळ
बिनपगारी सत्रात टिकणार कोण? परत दादर-मुलुंडच.