कारवीच्या रानातून वाट नसताना चढायचं कसं?

प्रश्न: साताऱ्याजवळच्या मेढ्याकडचा एक डोंगर चढायचाय, अभयारण्याबाहेरचा. पायवाट नाही, कारवीचं (काठ्यांसारख्या उंच झुडपांचं) रान आहे. डिसेंबरात ओढ्याने जावं की सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या धारेवरून)?

उत्तर १: सोंडेनेच. ओढा वर घळीत शिरतो आणि कोरड्या धबधब्याच्या कातळाखाली नेऊन सोडतो. चढताना सोंडा एकत्र येतात, उतरताना फुटतात. माणूस चुकतो तो तिथेच. प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो घ्या, जीपीएस ट्रॅक चालू ठेवा. दाट कारवीत तासाला अर्धा किलोमीटर धरा, जास्त नाही.

उत्तर २: वाळक्या कारवीवर भार टाकू नका, काडकन मोडते. हिरव्या दोन-तीन काठ्या एकत्र, बुंध्याशी धरा. खाजकुयलीसाठी (खाज आणणाऱ्या शेंगांची वेल) पूर्ण बाह्या हव्यातच. लागली तर चोळू नका, कूस (शेंगेवरची बारीक लव) पसरते, चिकटपट्टीने उचला. माणशी चार लिटर पाणी.

उत्तर ३: कोयना अभयारण्यातल्या वासोटा किल्ल्याला मात्र असलं काही नको. तिथे बामणोलीतून वनखात्याची परवानगी आणि ठरलेलीच वाट.