हर्नियाचं ऑपरेशन ओपन करावं की दुर्बिणीतून? नंतरचं दुखणं कशात कमी असतं?

गुऱ्हाळवाला_करवीर
नमस्कार मंडळी. आमच्या आबांना (वय ६१) उजव्या जांघेत हर्निया आहे, आमच्याकडची म्हातारी माणसं अंतर्गळ म्हणतात तोच. उभं राहिलं की लिंबाएवढी गाठ दिसते, आडवं झालं की आत जाते. आतापर्यंत काही त्रास नव्हता म्हणून अंगावर काढलं पण यंदा गुऱ्हाळावर वजन उचललं की ओढ लागल्यासारखं दुखतंय म्हणून कोल्हापुरात दोन सर्जनना दाखवलं. एक म्हणाले ओपन करू, पाठीत इंजेक्शन देऊ, जाळी बसवू, विषय संपला. दुसरे म्हणाले दुर्बिणीतून करा, नंतर अजिबात दुखत नाही, पण पूर्ण भूल लागेल, आणि खर्च जवळजवळ दुप्पट सांगितला. आता आबांचं म्हणणं असं की आपल्या भावकीतल्या एकाचं ऑपरेशन झालं तर त्याला अजून मोटरसायकलवर बसताना कळ येते, मग असलं ऑपरेशन करायचंच कशाला? पैशाचं बघू काहीतरी, पण "अजिबात दुखत नाही" हे खरंच अभ्यासात सिद्ध झालंय का नुसतं बोलायचं म्हणून? कुणाला माहीत असेल तर सांगा. गुगल करून डोकं पार भंजाळलंय.

लालमाती
भावा मी त्यातलाच एक हाय. तालमीत होतो, ओपन करून जाळी बसवली. टाके वाळले, सगळे म्हणाले झालं, आणि मग मांडीच्या आतल्या बाजूला जळजळ सुरू झाली, पँट घासली तरी चटका बसल्यागत. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी दोन-तीनदा गोळ्या दिल्या आणि शेवटी म्हणाले मनाचं हाय, लक्ष देऊ नका. मनाचं कसलं डोंबल! नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नसेच्या जागी इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं झोप लागली, अजून दोनदा घ्यावं लागलं पण आता बरंय. आबांना भिवडवायला सांगत नाही, आमच्या तालमीतल्याच दुसऱ्या पोरानं तसलंच ऑपरेशन केलंय आणि त्याला काय बी झालं नाही. पण सर्जनला जाळीबरोबर नसांचं पण विचार.

सर्जरी_पीजी
मी सर्जरी शिकतोय, तपासल्याशिवाय आबांचं नक्की काय करा हे सांगणार नाही, पण अभ्यास काय म्हणतात ते सांगतो. "अजिबात दुखत नाही" असं कुठल्याच पद्धतीबद्दल कुणी दाखवलेलं नाही. २०१८ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये रोजच्या कामात आडवं येणारं, निदान मध्यम स्वरूपाचं, तीन महिने किंवा जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे क्रॉनिक दुखणं अशी व्याख्या आहे, आणि ते साधारण १० ते १२ टक्के लोकांना होतं असं म्हटलंय. माणूस पार जेरीस येईल असं दुखणं त्याहून बरंच कमी लोकांना. लालमाती दादांचं वर्णन वाचून नसेचंच वाटतंय. जांघेतून तीन बारीक नसा जातात, त्यातली एखादी टाक्यात किंवा जाळीत सापडली की अशी जळजळ होते, आणि "मनाचं आहे" म्हणून पेशंटला घालवून देणं हे आमच्या धंद्यातलं मला न पटणारं काम आहे, पण ते असो.

आता ओपन की दुर्बीण. दुर्बिणीत सुरुवातीचं दुखणं कमी, माणूस कामाला लवकर लागतो, आणि पुढं रेंगाळणारं दुखणंही कमी, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण एक अट आहे, हात बसलेला पाहिजे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १४ हॉस्पिटलांत मोठी ट्रायल झाली होती, २००४ ला छापून आली. त्यात पहिल्यांदाच झालेल्या हर्नियात दोन वर्षांत परत हर्निया व्हायचं प्रमाण दुर्बिणीत १०.१ टक्के आणि ओपनमध्ये ४.० टक्के निघालं. म्हणजे दुर्बीण वाईट? तसं नाही, कारण ज्या सर्जननी दुर्बिणीची २५० पेक्षा जास्त ऑपरेशनं केली होती त्यांच्याकडं हे प्रमाण बरंच खाली होतं. ट्रायल जुनी आहे, तंत्र सुधारलंय, पण मुद्दा तोच राहतो. म्हणून दुसऱ्या सर्जनना सरळ विचारा की साहेब, अशी किती केलीत. चांगला सर्जन रागवत नाही.

आणि ओपन करणाऱ्यांना विचारा की नसा ओळखून बाजूला ठेवता का, आणि जाळी टाक्यांनी लावता का ग्लूनं. टाके विरुद्ध फायब्रिन ग्लू अशी एक ट्रायल आहे, ३१९ पेशंटची, वर्षभरानं दुखणं, बधिरपणा किंवा अवघडलेपणा असा त्रास सांगणारे टाक्यांत १४.८ टक्के आणि ग्लूत ८.१ टक्के होते. ग्लू महाग असतो ही वेगळी गोष्ट.

कागलकर
पण जाळी पाहिजेच कशाला? शरीरात जन्मभर प्लॅस्टिक! पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची बिनजाळीची पद्धत आहे, पोटाच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरतात. आपल्या माणसानं काढलेलं आपल्याच डॉक्टरांना नको असतं, परदेशातून आलं की लगेच चालतं.

सर्जरी_पीजी
कागलकर साहेब, ती पद्धत परदेशातल्यांनीच तपासलीय. पोलंडमध्ये २०८ पेशंटवर देसरडा विरुद्ध जाळी अशी ट्रायल झाली, २०१२ ला आली, तीन वर्षांत दोन्हीकडं दोन-दोन जणांना परत हर्निया झाला. म्हणजे पद्धत टिकाऊ आहे. पण दुखण्याचं बघाल तर क्रॉनिक दुखणं देसरडा गटात ४.८ टक्के आणि जाळीच्या गटात २.९, म्हणजे फरक धरण्यासारखा नाहीच. जाळी काढली की दुखणं गेलं असं गणित बसत नाही, नसा दोन्हीकडं त्याच. आणि आपल्या माणसाचंच म्हणत असाल तर धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी वापरून दाखवली, पुढं युगांडात तशाच स्वस्त जाळीची नीट ट्रायल झाली, ३०२ पुरुषांवर, २०१६ ला छापली, आणि महागड्या जाळीच्या तुलनेत कुठंच कमी पडली नाही. त्यामुळं जाळी इंपोर्टेड म्हणून कुणी बिल फुगवलं तर जरा विचारा, का म्हणून.

गुऱ्हाळवाला_करवीर
डॉक्टर लई उपकार झाले. अजून दोन शंका. आबा म्हणतात हंगाम संपेपर्यंत थांबतो, चालेल का? आणि नंतर किती महिने वजन उचलायचं नाही? शेजारचे म्हणतात सहा महिने, मग गुऱ्हाळ कोण बघणार.

सर्जरी_पीजी
थांबण्यावरही अभ्यास आहे. ज्यांना त्रास नाही किंवा अगदी थोडा आहे अशा ७२० पुरुषांवरचा, २००६ चा. आत आतडं अडकून तातडीनं ऑपरेशन लागायचं प्रमाण हजार माणसांमागं वर्षाला दोनसुद्धा नव्हतं. पण थांबलेल्यांपैकी दहा वर्षांत साधारण दोन तृतीयांश लोकांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं, आणि मुख्य कारण दुखणं. आबांना आत्ताच दुखतंय म्हणजे तो अभ्यास त्यांना तसाच्या तसा लागू नाही. हंगामापुरतं थांबायचं तर सर्जनला सांगून थांबा, दोन वर्षं ढकलू नका, कारण ऑपरेशनच्या आधी जास्त दुखत असेल तर नंतर रेंगाळायचीही शक्यता वाढते.

सहा महिन्यांचं विसरा. साधं, गुंतागुंत नसलेलं ऑपरेशन असेल तर झेपेल तसं लवकर कामाला लागावं असंच सूचनांत आहे, त्यानं हर्निया परत होतो असं दिसलेलं नाही. तरी काहिलीला (गुळाच्या मोठ्या कढईला) हात कधी लावायचा ते तुमच्या सर्जनना विचारून ठरवा.

आणि थांबाल तेव्हा एक बघा, गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता सीपीआरची (कोल्हापुरातल्या सरकारी हॉस्पिटलची) कॅज्युअल्टी गाठा, गाठ दाबून आत ढकलत बसू नका. आबा बिडी ओढतात का?

गुऱ्हाळवाला_करवीर
ओढतात. खोकला पण हाय.

सर्जरी_पीजी
मग ऑपरेशनच्या तारखेआधी बिडी बंद आणि खोकल्याचा इलाज चालू करा. आणि पूर्ण भूल घ्यायची असेल तर छातीचं भूलतज्ज्ञांना आधीच दाखवून ठेवा, कदाचित त्यावरच ओपन का दुर्बीण हे ठरेल.

लालमाती
बिडी सुटत नसली तर आमच्या तालमीत पाठवा, वस्ताद हायत.