साईट सुपरवायझरच्या मुलाखतीत हातचे काम तोंडाने कसे सांगावे?

प्रश्न : खानापूरकर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातील असून गेली ११ वर्षे आधी गवंडीकाम आणि नंतर सेंटरिंगची (काँक्रीट ओतण्यासाठी फळ्या-टेकूंचा साचा उभारणारी) टोळी सांभाळण्याचे काम करतो. गेल्या महिन्यात बेळगावातील एका बांधकाम कंपनीत सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. "स्लॅबचे टेकू कधी काढता?" असे साहेबांनी विचारल्यावर मी "इंजिनियर सांगतील तेव्हा" असे उत्तर दिले आणि त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. अनुभव विचारला, तर "सगळी कामे केली आहेत" यापलीकडे काही सुचेना. मध्येच ते कन्नडमध्ये बोलू लागले. मला कन्नड समजते, पण बोलताना अडखळतो. पुढच्या आठवड्यात धारवाडला दुसरी मुलाखत आहे. तयारी कशी करावी?

उत्तर १ : निपाणीचा मुकादम
दादा, तुमचे उत्तर चुकीचे नव्हते, अर्धवट होते. आयएस ४५६ (काँक्रीटकामाचे भारतीय मानक) प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, साडेचार मीटरपर्यंत असल्यास टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठा असल्यास १४ दिवसांनी काढता येतात. बीमखालचे टेकू ६ मीटर गाळ्यापर्यंत १४ दिवसांनी, त्यापुढे २१ दिवसांनी. पाणी नीट मारले नसेल, गारठा असेल किंवा पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल, तर मुदत वाढवावी लागते. एवढे सांगून झाल्यावर "म्हणून इंजिनियरला विचारल्याशिवाय मी टेकूला हात लावू देत नाही" असे म्हणा. तेच वाक्य शेवटी आले की त्याला वजन येते.

"सगळी कामे केली" हे तर प्रत्येक जण म्हणतो. त्याऐवजी शेवटच्या तीन साईट घ्या आणि किती मजले, स्लॅब किती चौरस फूट, हाताखाली किती माणसे, कुठे काय बिघडले आणि तुम्ही काय केले, एवढेच सांगा. बिघडलेले मुद्दाम सांगा. ज्याच्या साईटवर कधीच काही बिघडले नाही, त्याच्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

उत्तर २ : सळईवाला
माझ्या मुलाखतीत साहेबांनी टेबलाच्या खणातून सळईचा वीतभर तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि तो किती एमएमचा, ते विचारले. मी अंगठ्याने चाचपून १२ म्हणालो. लगेच पुढचा प्रश्न आला, की मीटरला वजन किती? व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचे, म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो, १२ मीटरची अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरते. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, तोही विचारतात : स्लॅबला २० एमएम, कॉलमला ४० एमएम. मात्र मुकादमांनी दिलेले आकडे नुसते घोकून जाऊ नका, कारण "का?" असे विचारले की घोकलेले उत्तर तिथेच अडकते.

उत्तर ३ : उचगावची ताई
मी एका ठेकेदाराकडे हिशेब पाहते आणि नव्या माणसांची कागदपत्रेही तपासते. कन्नडबद्दल संकोच नको. "स्वल्प बरतैती" (थोडे येते) म्हणून सुरुवात करा आणि अडेल तिथे हिंदी वापरा. साईटवर बाहेरच्या राज्यांतील कामगारही असतात, त्यामुळे दोन-तीन भाषांतून काम करून घेणारा माणूस हवाच असतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे कार्ड असल्यास सोबत न्या. ते मिळवताना मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे ज्याच्याकडे दुसरा कागद नाही, त्याला त्याचा आधार होतो. पगाराचा आकडा मात्र घरून ठरवूनच निघा.

खानापूरकर
सर्वांचे आभार. काल रात्री घरच्यांना समोर बसवून टेकूंचे उत्तर म्हणून दाखवले. सौ.ने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या सोप्याच्या स्लॅबचे टेकू नवव्या दिवशीच कसे काढलेत?" उत्तर देता आले नाही. सकाळी टेप घेऊन आधी सोप्याचा गाळा मोजणार आहे.