ग्रॅन टुरिस्मो ५ : ग्रँड व्हॅलीच्या ३०० किलोमीटरला माझा बॉब शेवटी शेवटी दम टाकतोय, पिट कधी मारायचा?

रंकाळा_टर्बो
भावांनो अडचण हाय, आधी हसून घ्या मग उत्तर द्या. दोन महिन्यांखाली सेकंड हँड पीएस थ्री घेतलाय, सोबत ग्रॅन टुरिस्मो ५ ची डिस्क फुकटात आली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम हाय, २०१० चा, पण मला नवाच की. मी उद्यमनगरात सीएनसी मशीनवर असतोय, सेकंड शिफ्ट, त्यामुळं स्वतः दोन तास बसून गाडी चालवायला होत न्हाई, म्हणून बी-स्पेकचा नाद लागलाय, म्हणजे गाडी कम्प्युटरचा ड्रायव्हर चालवतोय आणि आपण बाहेरनं नुसतं सांगायचं, पेस वाढव, पेस कमी कर, ओव्हरटेक कर, पिटला ये, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी बाजूला थांब. आमच्यात सगळे त्या ड्रायव्हरला बॉबच म्हणतात, आता त्याला नाव काय बी असू दे.

तर गेममधल्या ग्रँड व्हॅली ट्रॅकची ३०० किलोमीटरची शर्यत लावलीय, साधारण साठ लॅप, म्हणजे फेऱ्या, होतात. माझा बॉब पहिल्यापासनं जाळ अन् धूर संगटच, तिसऱ्या लॅपला पहिला नंबर. पिट २० ला आणि ४० ला, दोन्ही येळेला टायर नवे आन् टाकी फुल्ल. चाळीसपर्यंत एक मिनिट बावन्नच्या आसपास लॅप मारतोय. पंचेचाळीसनंतर त्याची ताकदीची पट्टी संपती आणि मग जी काय कुस्ती चालू होती ती बघवत न्हाई. सत्तावन्न, अठ्ठावन्न, हेअरपिनच्या उलट्या वळणाला ब्रेक उशिरा, गवतात, परत रस्त्यावर, तोवर मागचे दोघं पुढं. चार वेळा लावली, चारी वेळा तिसरा नाहीतर चौथा.

मी आता असं धरलंय की ५० ला अजून एक पिट मारायचा म्हणजे ताजे टायर मिळतील. बरोबर हाय का? का ह्या बॉबलाच बदलून टाकू? एकच जीव लावून वाढवलाय ओ, दुसरा हाय पण लई कच्चा हाय.

पांढरा_रस्सा
५० ला पिट मारून टायर बदलून काय करतोस मर्दा, दमलंय कोण? टायर का पोरगं? म्हणजे घोडं धापा टाकतंय आणि तू नाल बदलायलास 😂

(खरं उत्तर येतंय, थांब, वर्कशॉपवाला ऑनलाइन दिसायलाय)

वर्कशॉप_९
आलो आलो. तू सीएनसीवर असतोस म्हणालास म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. इन्सर्ट, म्हणजे मशीनवरचं कापायचं पातं, तुटायची वाट बघतोस का तू? न्हाई की. किती पीस झाल्यावर धार जाती ते तुला माहीत असतंय, त्याच्या दोन पीस आधी तू इन्सर्ट फिरवतोस, कारण तुटला की जॉब पण गेला आणि टाइम पण. इथं बी तसंच हाय, फक्त एक इन्सर्ट न्हाई, तीन हायत. टायर, पेट्रोल आणि बॉबचा दम. तू पहिल्या दोघांवर लक्ष ठेवायलास आणि तिसरा मोडोस्तोवर वापरायलास.

आता हिशोब कर. ताजा असताना बावन्न, दमल्यावर सत्तावन्न, म्हणजे लॅपला पाच सेकंद. शेवटचे पंधरा लॅप धर, पाच पंधरं पंचाहत्तर सेकंद गेले, गवतात गेलेला टाइम वेगळाच. पिटला किती जातात ते घड्याळ लावून मोज, आत शिरल्यापासनं बाहेर पडोस्तोवर, समज तीस-पस्तीस. पिटचे पैसे एकदाच जातात भावा, दमलेल्या ड्रायव्हरचं व्याज प्रत्येक लॅपला जातंय. पण पांढरा रस्सा म्हणतोय ते खरं हाय, तू ५० ला नुसते टायर बदललेस तर तीस सेकंद पण गेले आणि बॉब तसाच दमलेला.

आणि खरी गंमत ऐक, तुला जास्तीचा पिट लागतच न्हाई. तू ४० ला थांबायलासच की! तिथं टायर आणि पेट्रोलसोबत ड्रायव्हर बी बदलला तर त्याचा वेगळा टाइम जवळजवळ पडत न्हाई, हे मी स्वतः मोजून बघितलंय.

राहिला प्रश्न कच्च्या बॉबचा. लोकं काय करतात, कच्च्याला शेवटी घालतात, म्हंजी मेन गडी सगळं कमवून ठेवतोय आणि हा शेवटी सगळं घालवतोय, वर मागनं गाड्या अंगावर आल्या की त्याचं डोकं पण फिरतंय. त्यापेक्षा त्याला मधी घाल. पहिले वीस मोठा बॉब, वीस ते अडतीस बारका बॉब, आणि तेवढ्या वेळात मोठा बाहेर बसून दम भरून घेतोय, पट्टी परत वर येती. मग शेवटचे बावीस लॅप मोठा ताजा. बारका लॅपला दोन-अडीच सेकंदानं हळू असला तरी अठरा लॅपला छत्तीस ते पंचेचाळीस सेकंद जातात, तुझे आत्ता पंचाहत्तर जायलेत. आणि दर शर्यतीला तो शिकत जाणार, त्याची लेव्हल वाढती, हा नफा वेगळाच.

अजून एक, तू दर पिटला टाकी फुल्ल करतोयस. कशाला? शेवटच्या पिटला जेवढे लॅप राहिलेत तेवढंच भर, वर एखाद्या लॅपचं जास्त. भरायला वेळ कमी आणि गाडी बी हलकी. शर्यत संपल्यावर टाकीत राहिलेलं पेट्रोल काय घरी न्हेणार हायस काय?

पुणेकर_पण_कोल्हापूरचा
वर्कशॉपने पिटचं बरोबर सांगितलंय पण मुळात बॉब पंचेचाळिसाव्या लॅपला का संपतोय हे कोणी विचारलंच नाही. रंकाळा, तू पहिल्यापासून पेस अप दाबून ठेवतोस ना? "तिसऱ्या लॅपला पहिला नंबर" वाचूनच कळलं.

या गेममध्ये ड्रायव्हरची अंगाची ताकद वेगळी आणि मनाची वेगळी असते, आणि त्याच्यावर थंड-गरमचा काटा असतो. सारखा पेस अप दिला की काटा गरम बाजूला जातो, मग तो जोरात जातो खरा पण चुका पण करतो. उलट सारखा पेस डाऊन दिला तर इतका गार पडतो की लक्षच राहत नाही त्याचं. प्रत्येकाचा स्वभाव पण वेगळा असतो, काही जन्मजात तापट असतात, त्यांना चिडवायची गरजच नसते, सारखं थंड करावं लागतं. माझा एक बॉब असा होता की त्याला एकदा ओव्हरटेक म्हटलं की तो पुढचे दोन लॅप स्वतःच्या सावलीला पण ओव्हरटेक करायचा 😄

मी काय करतो ते सांगतो, बरोबर असेलच असं नाही. पहिले चार-पाच लॅप काहीच सांगत नाही, मेंटेन, म्हणजे आहे तोच पेस. समोरची गाडी सरळ रस्त्यावर टप्प्यात आली की मगच ओव्हरटेक, आणि पुढे गेला की लगेच परत मेंटेन. पाच-सहा सेकंदांची लीड झाली की पेस डाऊन, तेवढ्यात टायर पण वाचतात. पिटच्या आधीच्या एक-दोन लॅपला मात्र पेस अप, कारण टायर तसेही टाकूनच द्यायचेत. म्हातारा माणूस बोलतो तसं वाटेल, पण तालमीत वस्ताद पोराला पहिल्या मिनिटाला सगळा जोर लावू देत नाहीत, खासबागेत बघितलंय की आपण सगळ्यांनी. जो आधी घुसतो तोच दहाव्या मिनिटाला धापा टाकत खाली असतो.

वर्कशॉप_९
पिटच्या आधी पेस अप हे मला पटत न्हाई. गुळगुळीत टायरवर गरम बॉब म्हंजी इस्कोट. पिटमधनं बाहेर पडल्यावर दे की, नवे टायर, ताजा गडी.

पुणेकर_पण_कोल्हापूरचा
टायर किती उरलेत त्यावर आहे ना ते. मी हार्ड टायर घालतो, ते एवढे गुळगुळीत होत नाहीत वीस लॅपला. सॉफ्टवर तुझं बरोबर.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
विषय थोडा सोडून बोलतो, पण रंकाळा, तुला हे असलं बाहेरनं सांगायचं खेळणं आवडत असेल तर मोटरस्पोर्ट मॅनेजर बघ कधीतरी. आधी २०१४ ला मोबाइलवर आला, मग २०१६ ला पीसीवर मोठा आला. त्यात तर गाडी चालवायची सोयच न्हाई, आपण नुसतं कानात बोलायचं. ड्रायव्हरच्या गुणांत फिटनेस म्हणून एक असतो, तो कमी असला की शर्यतीच्या शेवटी शेवटी लॅप टाइम घसरतोय, तुझ्या बॉबसारखंच. आणि २०१७ ला एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींची, डीएलसी (गेमला वरनं जोडायची भर) आली त्यात एका गाडीला तीन ड्रायव्हर आणि स्टॅमिना, म्हणजे पिटला आल्यावर टायर-पेट्रोलसोबत आता कोण बसणार हे बी ठरवायचं. मी पहिल्या सीझनला सगळ्यात भारी ड्रायव्हर घेतला आणि त्यालाच रेटत ठेवला. तिघांतले दोघं बाकावर बसून चहा पीत होते म्हणा ना. शेवटून दुसरा आलो.

खऱ्या ल मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीला, पण हे चालत न्हाई. एका ड्रायव्हरला सहा तासांत चार तासांच्या वर चालवता येत न्हाई आणि चोवीस तासांत मिळून चौदा तासांच्या वर न्हाई. पण पूर्वी असं नव्हतं. १९५२ ला पिएर लवेग नावाचा फ्रेंच गडी, टाल्बो गाडी, जोडीदार असताना त्याला बसूच दिलं न्हाई, एकटाच चालवत राहिला, तेवीस तासांच्या आसपास! पुढं पण होता. शेवटचा सव्वा तास वगैरे राहिला आणि इंजिन गेलं, दमून चुकीचा गियर पडला म्हणतात. जिंकली मर्सिडीज. तुझा बॉब म्हणजे आपल्या रंकाळ्यावरचा लवेग हाय बघ.

रंकाळा_टर्बो
लवेग 🙏🙏 आजपासनं नाव तेच.

वर्कशॉप भाऊ इन्सर्टचं डोक्यात बसलं, खरंच मी मशीनवर जे करतोय ते गेममध्ये करत नव्हतो. पुणेकर, व्हय, पेस अप दाबूनच ठेवत होतो, मला वाटायचं तेच बटन जिंकायचं. रविवारी सुट्टी हाय, लावतो. एकच भ्या वाटतंय, आमच्याकडं दुपारी लाईट जाती.

पुणेकर_पण_कोल्हापूरचा
अपडेट घातलेला आहे ना? ऑक्टोबर २०११ च्या स्पेक २.० पासून एन्ड्युरन्समध्ये मध्येच सेव्ह करता येतं, पिटला आला की. पिट मारलास की सेव्ह मारायचा, सवयच लाव. त्याच्या आधी लोक चोवीस तासांच्या शर्यतीला मशीन चालू ठेवून झोपायचे, आमच्या हॉस्टेलवर एकाने त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता कोणी बंद करू नये म्हणून, आणि पीएस थ्री टॉवेलखाली एवढा तापला की शर्यत राहिली बाजूला. टॉवेल टाकू नकोस.

रंकाळा_टर्बो
झाली रविवारची. ऐका.

पहिले वीस मोठा बॉब, नुसतं मेंटेन, तीन-चारदा ओव्हरटेक. दुसरा नंबर, पट्टी अर्ध्याच्या वर शिल्लक, मला विश्वासच बसंना. विसाव्याला पिट, बारका आत, सेव्ह. बारक्यानं लॅपला तीन सेकंद घालवले, चौथ्यावर गेला, मी नुसता हात बांधून बसलो, आई म्हणाली टीव्हीसमोर एवढा घाम का येतोय तुला. अडतीसला बोलवायचं ठरलं होतं तर मी पिट इनचं बटन दाबलं तोवर ते येडं पिटच्या तोंडावरनं सरळ पुढं निघून गेलं हो! आख्खा एक लॅप संपलेल्या टायरवर, दोनदा गवतात. तिथंच माझे दहा-बारा सेकंद गेले.

मग एकोणचाळीसला मोठा आत, पट्टी जवळजवळ भरलेली, पेट्रोल मोजून. शेवटचे एकवीस लॅप बावन्न-त्रेपन्नच्या खाली-वर, एकदा बी गवत न्हाई. दोन गाड्या मारल्या. पहिल्याच्या मागं चार सेकंदावर संपली शर्यत.

दुसरा नंबर आलोय पण पहिल्यांदाच शेवटचे पंधरा लॅप बघायला मजा आली राव. ते पिट इन किती आधी दाबायचं असतंय?

वर्कशॉप_९
बोगद्याकडं लक्ष ठेव, शेवटच्या वळणाची वाट बघू नको. मी तर लॅप चालू झाला की लगेच दाबतो, तो त्या लॅपच्या शेवटी आपोआप वळतोय. चार सेकंद होते ना? मग गेली की तुझी शर्यत त्या बटनात.

पांढरा_रस्सा
आणि बारक्याला शिव्या देऊ नको, बटन तू उशिरा दाबलंस. त्याला दोन-चार सोप्या शर्यतींना घाल आणि मग परत ये. तिकीट काढून बघायला येतो आम्ही.

रंकाळा_टर्बो
घातलाय आत्ताच एका सोप्या शर्यतीला. पहिल्याच वळणाला गवतात.